बाळ झेलणाऱ्या आज्या

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीय कुटुंबांतली बहुतेक मुले ‘ग्रॅनी मिडवाइफ’ म्हणवल्या जाणाऱ्या सुईणींच्या हातात जन्मली. ग्रॅनी म्हणजे आजी. या बायका बहुधा वयाने पिकलेल्या असत. त्यांची स्वतःची मुले हाताशी आलेली असत आणि गावात त्यांच्या शब्दाला मान असे. सुईणीच्या कामाला त्यांच्या बोलीत ‘बाळ झेलणे’ म्हणत. बाळंत होणारी बाई आपले काम करते, सुईण येणाऱ्या जिवासाठी हात पुढे धरते, असा त्या शब्दाचा भाव आहे. गेल्या काही दशकांत अमेरिकेत ‘बर्थ जस्टिस’, म्हणजे प्रसूतिन्याय, या नावाने जी चळवळ उभी राहिली, तिची मुळे याच हातांपर्यंत जाऊन पोचतात.

प्रसूतिन्यायाची मागणी थोडक्यात सांगता येते. गरोदरपणात, बाळंतपणात आणि त्यानंतर आपल्या शरीराबद्दलचे निर्णय बाईला स्वतः घेता यावेत. कुठे आणि कोणाच्या हातून बाळंत व्हायचे हे तिने ठरवावे. ती दुखते म्हणाली तर ते खरे मानले जावे. वर्णावरून, पैशावरून किंवा कागदपत्रांवरून तिच्या जिवाची किंमत कमी होऊ नये. ही मागणी नव्या शब्दांत मांडली गेली असली तरी तिच्यात नवे फार थोडे आहे. त्यातले पुष्कळसे एकेकाळी गावोगाव प्रत्यक्षात होते. ते काळाच्या ओघात आपोआप विरून गेले नाही. कायदे करून, परवाने रद्द करून ते मोडले गेले.

गुलाम म्हणून पश्चिम आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या बायकांपाशी सामान नव्हते. जे आले ते डोक्यात आणि हातांत आले, आणि त्यात बाळंतपणाचे ज्ञानही होते. व्हर्जिनियाच्या वसाहतीत १६६२ साली कायदा झाला, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. गोऱ्या मालकापासून झालेले मूलसुद्धा त्यामुळे गुलामच राहिले. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर बंदी आली, तेव्हा तर मळेवाल्यांचे भांडवल वाढायचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे गुलाम बायकांची बाळंतपणे. मळ्यावरच्या सुईणीला मालकाच्या हिशेबात किंमत आली ती यामुळे. तिला शेजारच्या मळ्यांवर पाठवले जाई आणि तिच्या कामाचे पैसे मालक घेई. मालकिणीचे बाळंतपणही पुष्कळदा तीच करी.

या सुईणीची अवस्था दुहेरी होती. तिच्या हातून जन्मलेले प्रत्येक मूल मालकाच्या वहीत मालमत्ता म्हणून चढत होते. पण रात्रीबेरात्री एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर जाण्याची मुभा असलेल्या मोजक्या गुलामांपैकी ती एक होती, आणि तिच्यासोबत निरोप आणि बातम्याही फिरत. मूल नको असलेल्या बायका कापसाच्या मुळीची साल चघळत. त्या काळच्या दक्षिणेतल्या डॉक्टरांनी याबद्दल तक्रारीच्या सुरात लिहून ठेवले आहे. ज्या कापसासाठी या बायका राबत होत्या, त्याच झाडाच्या मुळीने त्या मालकाचा हिशेब चुकवत होत्या. स्वतःच्या कुशीवरचा हक्क कोणत्याही कायद्याने दिलेला नसताना तो बजावण्याची ही रीत होती, आणि प्रसूतिन्यायाचा इतिहास इथूनच सांगायला हवा.

त्याच काळात वैद्यकशास्त्राने या बायकांच्या शरीराशी कसे वागावे याचाही पायंडा पडत होता. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी गावी जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम बायकांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. लांबलेल्या, अडलेल्या बाळंतपणामुळे मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडते आणि लघवी सतत गळत राहते. त्या दुखण्यावर तो उपाय शोधत होता. त्याने भूल दिली नाही. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही तीन नावे त्याच्याच लिखाणातून आपल्यापर्यंत आली आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. गोरे सहायक कंटाळून निघून गेले, तेव्हा सिम्सने याच बायकांना शस्त्रक्रियेत मदत करायला शिकवले. म्हणजे एकमेकींना टेबलावर धरून ठेवण्याचे आणि शुश्रूषेचे काम त्यांच्याच वाट्याला आले. मुंबई-पुण्याच्या स्त्रीरोग विभागांत आजही योनिमार्ग तपासायला जे ‘सिम्स स्पेक्युलम’ रोज हाताळले जाते, त्या उपकरणामागे या बायका आहेत. सिम्सला ‘आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक’ म्हटले गेले आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला त्याचा पुतळा उभा राहिला. तो एप्रिल २०१८ मध्ये हलवण्यात आला. मॉन्टगोमेरीत २०२१ साली मिशेल ब्राउडर या कलावतीने या तिघींचे धातूचे भव्य पुतळे उभारले आणि त्यांना ‘स्त्रीरोगशास्त्राच्या माता’ असे नाव दिले.

१८६५ मध्ये गुलामी संपली, सुईणींचे काम चालू राहिले. फरक इतकाच की आता त्या कोणाच्या मालकीच्या नव्हत्या. या कामाने बाई स्वतःच्या पायावर उभी राहू शकते याचे एक उदाहरण त्याच सुमारास पश्चिमेकडे घडत होते. १८१८ साली गुलामीत जन्मलेली बिडी मेसन मालकाच्या गाड्यांच्या तांड्यामागून चालत युटाला आणि तिथून कॅलिफोर्नियाला पोचली. कॅलिफोर्नियात गुलामी कायद्याने बंद होती, पण मालकाने ते तिला सांगितले नाही. तो सगळ्यांना टेक्सासला न्यायच्या बेतात असताना प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. १८५६ मध्ये ती, तिच्या तीन मुली आणि आणखी दहा जण मोकळे झाले. तिने एका डॉक्टरकडे अडीच डॉलर रोजाने परिचारिका आणि सुईण म्हणून काम केले आणि दहा वर्षे पै पै जोडून १८६६ मध्ये २५० डॉलरला जमीन घेतली. त्या शहरात जमीन घेणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय बायकांत तिचे नाव येते. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईच्या घरी १८७२ मध्ये शहरातल्या पहिल्या कृष्णवर्णीय चर्चची स्थापना झाली.

दक्षिणेतल्या खेड्यांत मात्र पैसा नव्हता. सुईणीला मोबदला म्हणून कोंबडी मिळे, कधी भाजी, कधी डुकराचे मांस, कधी नुसताच पुढच्या सुगीचा वायदा. पुष्कळजणींच्या मते हे काम निवडायचे नसते, देव त्यासाठी बोलावतो. तरी शिकावे लागेच. आजी, आई किंवा गावातली जुनी सुईण यांच्यामागे वर्षानुवर्षे फिरून नवी सुईण तयार होई. या शहाणपणाला ‘मदरविट’ असा शब्द आहे. उपजत बुद्धी, अनुभव आणि देवावरचा भरवसा हे तिन्ही त्यात येतात.

अशी सुईण घरी आली की ती बाळंतिणीला खाटेवर आडवी पाडून ठेवत नसे. कळा सुरू झाल्यावर बाई चाले, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राही, उकिडवी बसे. बाळ स्वतः खाली येईपर्यंत सुईण वाट पाही, तेल चोळी, धीर देई, आल्याचा काढा पाजी, प्रार्थना म्हणे. वेणा ‘कापल्या जाव्यात’ म्हणून खाटेखाली सुरी किंवा कुऱ्हाड ठेवण्याची रीत होती. कुठे बाईच्या डोक्यावर नवऱ्याची टोपी घालत. वार नीट पुरली जाई. बाळंतीण महिनाभर विश्रांती घेई आणि तो पुरा झाला की सुईण येऊन तिला विधिपूर्वक घराबाहेर काढी, घराभोवती फिरवी. सुईण बाळ झाल्यावर लगेच निघून जात नसे. गरज असेल तर ती दिवसचे दिवस राही, स्वयंपाक करी, कपडे धुई, थोरल्या मुलांना खाऊ घाली. कुऱ्हाडीने वेणा कमी होत नाहीत हे उघड आहे. पण चालणे, उकिडवे बसणे, एका ओळखीच्या माणसाने अखेरपर्यंत जवळ असणे, या गोष्टींचा उपयोग आता चाचण्यांनी सिद्ध झाला आहे. नियम करणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकून अंधश्रद्धा म्हणून फेकल्या.

ते नियम आले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९०० मध्ये अमेरिकेत दर वीस बाळंतपणांतले जेमतेम एक दवाखान्यात होई आणि सुमारे निम्मी बाळंतपणे सुईणींच्या हातून होत. प्रसूतिशास्त्र हा मानाचा, मिळकतीचा व्यवसाय व्हायचा असेल तर सुईण बाजूला व्हायला हवी, असे डॉक्टरांच्या संघटनांतले पुढारी उघड म्हणत. शिकागोचे जोसेफ डीली यांनी १९१५ मध्ये सुईणीला रानटी काळाचा अवशेष म्हटले. वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर वैद्यकीय शिक्षणाचे निकष कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. पण त्या लाटेत कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच तगली. म्हणजे सुईण नको आणि तिच्या जागी येणारा कृष्णवर्णीय डॉक्टरही नाही, अशी परिस्थिती झाली. आया मरत होत्या हे खरेच होते. पण त्याचे खापर सुईणींवर फोडण्याला आधार नव्हता. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय अकादमीने १९३० ते १९३२ या वर्षांतले शहरातले मातामृत्यू तपासून १९३३ मध्ये अहवाल काढला. जवळजवळ दोन तृतीयांश मृत्यू टाळता आले असते आणि त्यांतल्या बहुसंख्यांची जबाबदारी डॉक्टरांकडे जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. अकारण लावलेले चिमटे, घाईने केलेल्या शस्त्रक्रिया आणि न धुतलेले हात ही त्यातली नेहमीची कारणे होती.

१९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालसंगोपनासाठी राज्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला. तो १९२९ पर्यंत चालू होता. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातून सुईणींची नोंदणी, वर्ग आणि तपासणी सुरू केली. एका दमात हजारो सुईणी काढून टाकणे शक्य नव्हते, कारण त्यांच्या जागी यायला दुसरे कोणी नव्हते. म्हणून त्यांना शिकवायचे, ताब्यात ठेवायचे आणि हळूहळू कमी करायचे असे धोरण ठरले. सुईणींची महिन्याला बैठक भरे. परिचारिका, बहुधा गोरी आणि सुईणीपेक्षा वयाने निम्मी, त्यांना हात कसे धुवायचे ते शिकवी. हात धुण्याची गाणी रचून ती समूहाने म्हणून घेतली जात.

या सगळ्या व्यवस्थेचे चिन्ह म्हणजे सुईणीची पिशवी. काळी कातडी पेटी किंवा साधी कापडी पिशवी, पण आत पांढरे अस्तर हवे आणि ते काढून उकळून इस्त्री करता यायला हवे. तिच्यात साबण, नखे घासायचा ब्रश, उकळलेली कात्री, नाळ बांधायच्या फिती, भट्टीत भाजून निर्जंतुक केलेली फडकी, पांढरा एप्रन आणि टोपी एवढे असे. बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब असत. आईला परमा असेल तर बाळाचे डोळे जाऊ नयेत म्हणून ते घातले जात. आणि जन्मनोंदणीचे कोरे कागद असत. कोणती वस्तू कुठल्या खणात ठेवायची हेही ठरलेले असे. खाटेवर अंथरायला जुन्या वर्तमानपत्रांच्या जाड गाद्या शिवून ठेवाव्या लागत. काढ्याची मुळी, तेलाची बाटली किंवा नियमात न बसणारे काहीही पिशवीत सापडले तर परवाना जाई. वर्षाला रक्ताची चाचणी होई आणि उपदंश निघाला तरीही परवाना जाई.

पुष्कळ सुईणींनी यावर साधा तोडगा काढला. त्या दोन पिशव्या ठेवत. एक तपासणीला दाखवायची, पांढरीशुभ्र, आणि दुसरी कामाची. हा खोटेपणा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. नवे शिकायला त्यांची ना नव्हती. हात धुणे, नाळ उकळलेल्या कात्रीने कापणे, डोळ्यांत थेंब घालणे या गोष्टी त्यांनी मनापासून उचलल्या आणि त्यामुळे बाळे वाचली. त्यांना मान्य नव्हते ते एवढेच, की आजवर जे कळले ते सगळे टाकाऊ आहे. लसीकरणासाठी मुले गोळा करणे, गरोदर बायकांना दवाखान्यात तपासणीला नेणे, जन्माची नोंद करणे हे सगळे खेड्यांत त्यांनीच केले. ज्या आरोग्यखात्याला त्या नकोशा होत्या, त्याचे खेड्यातले पाय त्याच होत्या.

जॉर्जियातल्या अल्बनी गावच्या मेरी कोली या अशाच एका सुईणीवर जॉर्ज स्टोनी यांनी राज्याच्या आरोग्यखात्यासाठी ‘ऑल माय बेबीज’ हा प्रशिक्षणपट केला. तो १९५३ मध्ये आला. पडद्यावर दोन घरे दिसतात. एक नीटनेटके, तयारीत असलेले, आणि दुसरे गरिबीने खचलेले. एका घरात प्रत्यक्ष बाळंतपण चित्रित केले आहे. शिकाऊ सुईणींना नियम समजावेत हा हेतू होता. पण बघणाऱ्याच्या लक्षात राहते ते कोलीबाईंचे बोलणे, त्यांचा न चढणारा आवाज, घाबरलेल्या बाईच्या पाठीवरचा हात. त्यांनी आयुष्यात तीन हजारांहून अधिक बाळे झेलली. २००२ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी घेण्यात आला.

सुईणींना शिकवणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय परिचारिकाही होत्या, आणि त्यांचे काम वेगळ्या नजरेने पाहावे लागते. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९४१ ते १९४६ या काळात कृष्णवर्णीय परिचारिकांना सुईणपण शिकवणारी शाळा चालली. दक्षिण कॅरोलायनात पाइनव्हिलच्या दलदलीच्या मुलखात मॉड कॅलन १९२३ पासून काम करत होत्या. चारशे चौरस मैलांच्या टापूत सुमारे दहा हजार लोकांची देखभाल त्यांच्यावर होती. छायाचित्रकार यूजीन स्मिथ कित्येक आठवडे त्यांच्यामागे फिरले आणि ३ डिसेंबर १९५१ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांची ‘नर्स मिडवाइफ’ ही चित्रमालिका छापून आली. मध्यरात्री गाडी घेऊन निघणे, एका तरुण मुलीच्या उशाशी पहाटेपर्यंत बसणे, चर्चच्या मागच्या बाजूला मुलांना लस टोचणे असे त्यांचे दिवस वाचकांनी पाहिले. सुसज्ज दवाखाना हवा ही कॅलनबाईंची इच्छा होती. वाचकांनी आपणहून पाठवलेल्या पैशांची रक्कम वीस हजार डॉलरच्या वर गेली आणि १९५३ मध्ये दवाखाना उघडला. त्या १९७१ मध्ये निवृत्त झाल्या आणि मग म्हाताऱ्या माणसांना जेवणाचे डबे पोचवू लागल्या.

दवाखान्यांकडे जाण्याची लाट मात्र थांबणार नव्हती. १९४० पर्यंत देशातली निम्म्याहून अधिक बाळंतपणे दवाखान्यांत होऊ लागली आणि १९७० पर्यंत जवळजवळ सगळीच. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना हे दार उशिरा उघडले. कित्येक दवाखाने त्यांना घेतच नसत. जे घेत त्यांनी तळघरात किंवा मागच्या बाजूला वेगळा कक्ष ठेवलेला असे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ मधल्या मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्यविमा योजना आल्यावर सरकारी पैसा हवा असलेल्या दवाखान्यांना वर्णभेद सोडणे भाग पडले. हा मोठा विजय होता. रक्तस्राव, झटके, आडवे मूल यांपुढे घरच्या सुईणीचे हात थिटे पडत, आणि रक्त, शस्त्रक्रिया, प्रतिजैविके यांनी असंख्य आया वाचवल्या, हे कोणी नाकारू नये. पण दवाखाना उघडणे आणि सुईण बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ब्रिटनने दोन्ही ठेवून त्यांची सांगड घातली. अमेरिकेच्या दक्षिणेने एक देताना दुसरी काढून घेतली.

अलाबामाने १९७६ मध्ये कायदा करून पारंपरिक सुईणींना नवे परवाने देण्याचा मार्ग बंद केला. मोबाइल शहरातल्या ऑनी ली लोगन यांना १९४९ मध्ये परवाना मिळाला होता. १९८४ मध्ये एका पत्राने तो संपल्याचे कळवण्यात आले. पस्तीस वर्षांच्या कामाचा शेवट टपालाने आला. आपल्याबरोबर हे सगळे मरून जाऊ नये म्हणून त्यांनी आपली कहाणी कॅथरीन क्लार्क यांना सांगितली आणि ‘मदरविट’ या नावाने ती १९८९ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्याच राज्यातल्या ग्रीन परगण्यातल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांनीही तीन हजारांहून अधिक बाळे झेलली होती. त्यांचे अनुभव लिंडा जॅनेट होम्स यांच्या साहाय्याने १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन पुस्तकांनी पुढच्या पिढीला एक धागा हाती दिला. सुईणींबद्दल तोवर जे छापले गेले होते ते बहुतेक त्यांची तपासणी करणाऱ्यांनी लिहिलेले होते. आता तपासल्या गेलेल्या बायका बोलल्या.

दवाखान्याचे दार उघडले तेव्हा आत काय वाट पाहत होते, याचीही आठवण कृष्णवर्णीय बायकांना होती. मिसिसिपीतल्या नागरी हक्कांच्या लढ्यातल्या पुढारी फॅनी लू हेमर १९६१ मध्ये गाठ काढायला दवाखान्यात गेल्या आणि तिथे त्यांचे गर्भाशयच काढले गेले. त्यांना कोणी विचारले नव्हते. अशा शस्त्रक्रिया इतक्या होत, की ‘मिसिसिपी अपेंडेक्टॉमी’ असा कडवट शब्दच रूढ झाला होता. १९७३ मध्ये मॉन्टगोमेरीत चौदा आणि बारा वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींची सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रामार्फत नसबंदी झाली. निरक्षर आईने काय लिहिले आहे ते न कळता कागदावर फुली मारली होती. हे प्रकरण न्यायालयात गेल्यावर अशा शस्त्रक्रियांसाठी संमतीचे नियम कडक झाले.

म्हणून जून १९९४ मध्ये शिकागोत जमलेल्या बारा कृष्णवर्णीय बायकांना केवळ गर्भपाताच्या हक्काची भाषा अपुरी वाटली. मूल न होऊ देण्याचा हक्क जितका महत्त्वाचा, तितकाच मूल होऊ देण्याचा आणि ते सुरक्षित जागी वाढवण्याचा हक्कही महत्त्वाचा, असे त्यांनी मांडले आणि त्याला ‘रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस’, प्रजननन्याय, हे नाव दिले. गोऱ्या बायकांच्या चळवळीला पहिल्या हक्कासाठी झगडावे लागले होते. गुलामांच्या नातींना तिन्ही हक्कांसाठी झगडावे लागत होते. प्रसूतिन्याय ही याच विचाराची बाळंतपणापुरती शाखा म्हणता येईल. तिची जमीन आधीच तयार होत होती. बिली एव्हरी यांनी मैत्रिणींबरोबर १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथे सुईणींचे प्रसूतिकेंद्र काढले होते. शफिया मन्रो यांनी १९९१ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला कृष्णवर्णीय सुईणी तयार करणारी संस्था उभी केली. ‘ग्रॅनी’ या शब्दाला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी हेटाळणीचा वास चिकटला होता, म्हणून आता अनेकजणी ‘ग्रँड मिडवाइफ’, थोर सुईण, असे म्हणतात.

या चळवळीला आकड्यांनी धार दिली. २०२१ मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय आयांचे मृत्यू ६९.९ होते, गोऱ्या आयांचे २६.६. कोविड ओसरल्यावर २०२३ मध्ये गोऱ्यांचा आकडा १४.५ वर आला, कृष्णवर्णीयांचा मात्र ५०.३ वरच अडला. म्हणजे तफावत तिपटीहून जास्त झाली. गरिबी हे याचे पुरते उत्तर नाही. पदवीधर कृष्णवर्णीय बाईलाही शाळा अर्धवट सोडलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त धोका असल्याचे सरकारी आकडेवारीतच दिसते. आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये ‘वेदरिंग’ ही कल्पना मांडली. उन्हापावसाने दगड झिजतो तसे आयुष्यभराच्या भेदभावाच्या ताणाने शरीर अकाली झिजते, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरे कारण दवाखान्यातच आहे. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात झालेल्या अभ्यासात सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलची एक तरी चुकीची समजूत खरी वाटत होती. त्यांची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. सिम्सच्या काळातली समजूत अशी पांढऱ्या कोटाच्या खिशात अजून शिल्लक आहे. टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०१७ मध्ये बाळंतपणानंतर श्वास लागला. फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असणार हे त्यांनी स्वतः ओळखून सांगितले, तरी तपासणीसाठी त्यांना आग्रह धरावा लागला. गुठळ्या खरोखरच निघाल्या. सगळ्या जगाला जिचे नाव तोंडपाठ आहे अशा बाईची ही गत, तर बाकीच्यांचे काय होत असेल याचा अंदाज येतो. गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक टाळता येण्यासारखे असतात, असे मृत्यूंची छाननी करणाऱ्या राज्यांच्या समित्यांनी नोंदवले आहे.

आता जे उपाय सुचवले जातात ते वाचताना जुन्या सुईणीचा चेहरा समोर येतो. बाळंतपणात सतत सोबत असलेल्या व्यक्तीमुळे सिझेरियनचे प्रमाण घटते आणि बाळंतपण कमी वेळात होते, असे पंधरा हजारांहून अधिक बायकांवरच्या चाचण्यांचा २०१७ मधला एकत्रित आढावा सांगतो. हे काम करणाऱ्या बाईला ‘डूला’ म्हणतात. काही राज्ये आता मेडिकेडमधून तिचे पैसे देतात, आणि अमेरिकेतली दहापैकी सुमारे चार बाळंतपणे मेडिकेडच्या खर्चानेच होतात. लंडनमध्ये शिकून आलेल्या जेनी जोसेफ या सुईणीने फ्लोरिडातल्या विंटर गार्डन इथे दवाखाना काढला. पैसे नाहीत, विमा नाही किंवा महिने भरत आले आहेत म्हणून तिथे कोणाला परत पाठवत नाहीत. बाईचे ऐकून घेणे हा उपचाराचाच भाग धरला जातो. २०२२ पासून राज्यांना मेडिकेडचे संरक्षण बाळंतपणानंतर साठ दिवसांऐवजी वर्षभर देता येऊ लागले. आयांचे पुष्कळ मृत्यू बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत होतात. बाळ झाल्यावर दिवसचे दिवस घरात राहणाऱ्या सुईणींना त्या काळाचा धोका ठाऊक होता.

अलाबामाने २०१७ मध्ये प्रशिक्षित सुईणींना घरी बाळंतपण करण्याचा परवाना देणारा कायदा केला. तेव्हा मार्गारेट चार्ल्स स्मिथ यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. पुढे राज्याच्या आरोग्यखात्याने सुईणींच्या प्रसूतिकेंद्रांना दवाखान्याचे नियम लावायचे ठरवले. त्यात बर्मिंगहॅममधले एका कृष्णवर्णीय डॉक्टरबाईने काढलेले केंद्रही अडकले. केंद्रे न्यायालयात गेली आणि २०२३ च्या सप्टेंबरात मॉन्टगोमेरीच्या न्यायाधीशांनी ती चालू ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला.